ब्राउझरचं विसरणं आणि आपलं खासगीपण

(रामदासपेठ, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने ब्राउझरवर काय बोलावं? सहा महिन्यांपूर्वी आम्हालाही तसंच वाटलं असतं. झालं असं, की सुट्टीत घरी आलेल्या आमच्या नातवाने आमचा संगणक पाहिला आणि कपाळावर हात मारला. 'आजोबा, तुम्ही तर दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून बसलात!' मग त्याने खासगीपणा जपणारे दोन ब्राउझर बसवून दिले. एक टोर ब्राउझर आणि दुसरा ब्रेव्ह. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला परतला. तिसऱ्या दिवशी आम्ही निवृत्तिवेतनाशी संबंधित एक संकेतस्थळ टोरमध्ये उघडलं, तर समोर कोरं पान. अक्षर नाही, बटण नाही, काही नाही. फोन केला तेव्हा कळलं की त्याने सुरक्षेची पातळी सर्वांत वरची करून ठेवली होती, आणि त्या पातळीवर पानातली स्क्रिप्ट चालतच नाही.

'आजोबा, ते संकेतस्थळच वाईट बांधलंय,' तो म्हणाला.

'अरे बाप्पा, पण पेन्शन तर तिथेच आहे ना!' आम्ही म्हणालो.

दोघांचंही बरोबर होतं. दोघांचं एकाच वेळी बरोबर कसं असू शकतं, हे पाहायला म्हणून आम्ही वाचत बसलो, विचारत बसलो, आणि त्यातून हे व्याख्यान तयार झालं. आम्ही तंत्रज्ञ नाही. पण एखाद्या दर्शनाची चिकित्सा करताना आपण विचारतो, की याची गृहीतं कोणती, त्यातून काय निष्पन्न होतं आणि कुठे अडतं. तीच पद्धत इथे वापरायची आहे. ब्राउझर स्क्रिप्टचं काय करतो, कुकीचं काय करतो आणि लोकल स्टोरेजचं काय करतो, एवढ्या तीनच गोष्टी पाहू. त्यामागे खासगीपणाची कोणती कल्पना आहे, ते त्यातूनच दिसेल.

तोच हा देवदत्त

वेबची मूळ रचना अशी, की सर्व्हरला स्मरणशक्ती नाही. तुम्ही पान मागितलं, त्याने दिलं, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलंत तर तुम्ही पुन्हा अनोळखी. सीताबर्डीच्या दुकानात एक वस्तू टोपलीत टाकून दुसरी घ्यायला वळावं आणि दुकानदाराने विचारावं, 'आपण कोण?' तशी ही अवस्था. असं असेल तर बाजार कसा चालणार? १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने यावर उपाय काढला. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी पाठवायची, ती तुमच्या ब्राउझरने स्वतःकडे ठेवायची आणि त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवायची. हीच कुकी. एका कुकीची मर्यादा साधारण चार किलोबाइट, म्हणजे रोमन लिपीतली चारेक हजार अक्षरं.

आमच्या वर्गात बसलेल्यांना इथे न्यायदर्शनातलं प्रत्यभिज्ञेचं उदाहरण आठवेल. 'तोच हा देवदत्त.' पूर्वी पाहिलेला देवदत्त आज पुन्हा समोर येतो. समोरचं प्रत्यक्ष आणि आधीच्या अनुभवाचा उरलेला संस्कार, दोन्ही मिळून ओळख पटते. नैयायिकांच्या मते हा संस्कार ओळखणाऱ्याच्या आत्म्यात राहतो. कुकीची गंमत बघा. ओळखणारा आहे सर्व्हर, पण संस्कार ठेवलाय देवदत्ताच्या खिशात! त्यामुळे देवदत्ताच्या हाती एक सत्ता आली. तो खिसा रिकामा करू शकतो. खासगीपणा जपणाऱ्या ब्राउझरची बरीचशी ताकद या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

आता स्क्रिप्ट. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठीच अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला आराखडा तयार केला. तोवर पान म्हणजे छापील कागदासारखं होतं. जावास्क्रिप्टमुळे पान तुमच्या घरात येऊन काम करू लागलं. अर्ज तपासणं, नकाशा सरकवणं, आकडेमोड, सगळं तुमच्याच यंत्रावर. पुढे याच आइक यांनी मोझिलाच्या स्थापनेत भाग घेतला आणि २०१५ साली ब्रायन बाँडी यांच्याबरोबर ब्रेव्ह कंपनी काढली. ज्याने दार बसवलं तोच आज कडीही बसवून देतो आहे. आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. दार कुठे सैल आहे, हे सुताराइतकं कुणाला माहीत असणार?

तिसरी गोष्ट लोकल स्टोरेज. कुकीची चिठ्ठी फारच लहान पडू लागली, म्हणून पुढे संकेतस्थळांना आपल्या ब्राउझरमध्ये एक कोठीच देण्यात आली. तिची नेहमीची मर्यादा पाच मेगाबाइट, म्हणजे एका कुकीच्या हजार पटींहून अधिक. कुकीला मुदत घालता येते, या कोठीतल्या मालाला मुदतच नाही. कुणी काढेपर्यंत तो तिथेच पडून राहतो. मात्र कोठीतला माल आपोआप सर्व्हरकडे जात नाही. तो काढायला आणि ठेवायला स्क्रिप्टच लागते.

म्हणजे या तिन्ही गोष्टी एका पातळीवरच्या नाहीत. स्क्रिप्ट कर्ता आहे, कुकी आणि लोकल स्टोरेज ही स्मृतीची दोन ठिकाणं आहेत. स्क्रिप्ट बंद केली की कोठीला आपोआप कुलूप लागतं, कुकी मात्र चालूच राहते, कारण ती सर्व्हर थेट पाठवू शकतो. 'स्क्रिप्ट बंद केली, आता आपण सुरक्षित' असं समजणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

तिऱ्हाईत घरात कसा येतो

इथवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाला ओळखलं, यात वाईट काय? नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्याय वही काढून तुमच्या पणजोबांचं नाव सांगतात. आपल्याला राग येत नाही, उलट डोळ्यांत पाणी येतं.

पण आता कल्पना करा, की एकच माणूस सीताबर्डीच्या प्रत्येक दुकानात एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसला आहे. औषधाच्या दुकानात तोच, पुस्तकाच्या दुकानात तोच, वकिलाच्या ओसरीवरही तोच. तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, त्याच्याकडून काही घेत नाही. तो प्रत्येक ठिकाणी फक्त तुमच्या खिशातली आपली चिठ्ठी पाहतो आणि वहीत एक ओळ लिहितो. वेबवर हे असं घडतं, की वर्तमानपत्राच्या पानात एखादं चित्र किंवा जाहिरात दुसऱ्याच सर्व्हरवरून येते. तो दुसरा सर्व्हरही आपली कुकी ठेवून जातो. हजारो संकेतस्थळांवर तोच असेल, तर तुमचा सगळा दिनक्रम एका वहीत जमा होतो. याला तिऱ्हाइताची कुकी म्हणू.

तीर्थोपाध्यायांच्या वहीत आणि या वहीत फरक कोणता? गुप्ततेचा नाही. तीर्थोपाध्यायांची वही दहाजण पाहू शकतात. अमेरिकी तत्त्वज्ञ हेलन निसेनबाउम यांनी याचं उत्तर संदर्भाच्या भाषेत दिलं. माहिती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाच्या रिवाजाप्रमाणे वाहिली तर खासगीपण शाबूत राहतं, तो रिवाज मोडून दुसऱ्या संदर्भात गेली तर भंगतं. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरकडेच शोभतं.

आम्हाला वाटतं, मराठीत हा विचार 'खासगी' या शब्दातच आहे. आपण आज खासगी आणि गुप्त हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, ही चूक आहे. मराठेशाहीत खासगी म्हणजे वेगळं खातं. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांनी खासगी जहागीर दिली. दौलतीचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि ठिकठिकाणची देवळं, घाट, धर्मशाळा यांचा खर्च त्यातून झाला. यात लपवण्यासारखं काय होतं? घाट तर साऱ्या जगाला दिसतो! पण ते खातं दौलतीत मिसळायचं नाही, हा नेम होता. म्हणून 'लपवण्यासारखं काही नसेल तर भिता कशाला?' असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर असं: लपवायचं काही नाही हो, पण खाती वेगळी ठेवायची आहेत.

ही कसोटी हातात घेऊन आता ब्राउझरांकडे वळू.

तीन खिट्या

आधी कुकी. टोर ब्राउझर कुकी सरसकट नाकारत नाही. तो तिला वरच्या पट्टीत ज्या संकेतस्थळाचा पत्ता आहे त्याच्याशी बांधून ठेवतो. कोपऱ्यातल्या तिऱ्हाइताने औषधाच्या दुकानात दिलेली चिठ्ठी पुस्तकाच्या दुकानात दाखवलीच जात नाही. तिथे त्याला तुम्ही नवे. फायरफॉक्सनेही जून २०२२ पासून संगणकावरच्या सर्व वापरकर्त्यांसाठी अशी वेगवेगळी बरणी ठेवायला सुरुवात केली. ब्रेव्ह तिऱ्हाइताच्या कुकी मुळातच अडवतो, आणि जिथे त्याला जागा द्यावी लागते तिथे ती तात्पुरती देतो. त्या संकेतस्थळावरून तुम्ही उठलात की ती जागा रिकामी केली जाते. अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये अशा कुकी पूर्ण बंद केल्या. आणि सर्वाधिक वापरला जाणारा क्रोम? त्याच्या मालक कंपनीने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या संपवू असं जाहीर केलं, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. ज्याचं उत्पन्न जाहिरातीवर, त्याने जाहिरातीची वही बंद करणं किती अवघड, हे यातून समजावं.

कुकीच्या बाबतीत टोरची रीत आम्हाला सर्वांत विचारी वाटते. ती स्मृतीला शत्रू मानत नाही, फक्त खाती वेगळी करते. हाच खासगीचा नेम.

दुसरी खिटी लोकल स्टोरेज. टोर ते चालू ठेवतो, प्रत्येक संकेतस्थळाचं वेगळं ठेवतो, पण ब्राउझर बंद केला की कुकी, कोठी, इतिहास, सगळं पुसून टाकतो. ही पाटी रोज कोरी करणं आहे. त्याचा अनुभवही आम्ही घेतला. एका संकेतस्थळावरच्या लेखनपटावर आम्ही अडीच तास बसून एक टिपण लिहिलं. खाली 'मसुदा जतन झाला' अशी ओळ दिसत होती. आम्ही निश्चिंत मनाने ब्राउझर बंद केला, चहा घेऊन आलो, आणि टिपण गायब. मसुदा जतन झाला होता हे खरं, पण आमच्याच ब्राउझरच्या कोठीत. दोष संकेतस्थळाचा नाही आणि ब्राउझरचाही नाही. दोघांनी आपापला शब्द पाळला, आमचं टिपण तेवढं गेलं.

इथे आमचा पहिला आक्षेप. विसरणं हे भेद न करणारं साधन आहे. ज्याने ओळख पटते ते आणि ज्यात माणसाचं काम साठतं ते, दोन्ही एकाच कोठीत असतात, आणि ब्राउझर दोन्हींना एकच न्याय लावतो. तिऱ्हाइताची कोठी रिकामी करणं समजू शकतो. पण आम्ही जिथे स्वतः होऊन गेलो, तिथे आमच्याच हाताने ठेवलेलं पुसताना निदान विचारावं तरी. ब्रेव्ह इथे अधिक समजूतदार आहे. तो मूळ संकेतस्थळाचा माल राहू देतो आणि हव्या त्या संकेतस्थळापुरतं 'बंद करताच विसर' असं सांगण्याची सोय देतो.

तिसरी खिटी स्क्रिप्ट, आणि ती सर्वांत अवघड. टोरमध्ये सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. पहिलीत स्क्रिप्ट चालू. दुसरीत असुरक्षित जोडणीवरच्या संकेतस्थळांची स्क्रिप्ट बंद. तिसरीत सगळ्यांची बंद. आमचं कोरं पान ते या तिसरीचं. ब्रेव्हमध्ये स्क्रिप्ट बंद करण्याची सोय आहे, पण ती आपणहून लावावी लागते. एरवी तो याद्या पाहतो आणि पाळत ठेवणारे म्हणून नोंद असलेल्यांना अडवतो.

प्रश्न असा, की स्क्रिप्ट चांगली की वाईट हे ब्राउझरने ठरवायचं कशावरून? नीतिशास्त्रात आपण कृतीचा हेतू पाहतो. ब्राउझरला हेतू दिसत नाही. त्याला नाव दिसतं किंवा करणी दिसते. नावावरून अडवायचं तर यादी लागते, आणि यादीतला माणूस उद्या नाव बदलून येतो. सरसकट अडवायचं तर पोस्टमनही दाराबाहेर राहतो. तिसरा मार्ग म्हणजे आत येऊ द्यायचं, पण त्याला काय काय पाहता येईल हे मर्यादित करायचं. बैठकीत बसा, माजघरात डोकावू नका. आमच्या मते स्क्रिप्टच्या बाबतीत खरी प्रगती या तिसऱ्या मार्गावरच आहे, आणि दोन्ही ब्राउझरांनी तिथे कष्ट घेतले आहेत. पण तिथेच एक मोठा पेचही आहे.

खिसा रिकामा असला तरी

खिसा रिकामा केला म्हणजे देवदत्त अनोळखी झाला का? नाही ना. चालण्यावरून, आवाजावरून, फाटक्या चपलेवरून तो ओळखू येतोच. स्क्रिप्ट विचारते: पडदा केवढा? कोणते टंक बसवले आहेत? घड्याळ कुठल्या प्रदेशाचं? एकेक उत्तर सामान्य असतं, पण सगळी जुळवली की जगात बहुधा तुम्ही एकटेच उरता. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे ठसे तपासले, तर त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. इथे संस्कार पुन्हा ओळखणाऱ्याकडे गेला, देवदत्ताच्या खिशात काहीच उरलं नाही. पुसणार काय?

यावर दोन ब्राउझरांनी दोन उत्तरं शोधली. टोर म्हणतो, सगळ्यांना सारखं करा. त्याच्या पडद्याच्या मापाला ठरावीक टप्पे आहेत. घड्याळ सगळ्यांचं एकच. नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असताना तो जगाला सांगतो की रात्रीचे बारा वाजले आहेत. वारीत सगळे पांढऱ्या टोपीत, कुणाला वेगळं काढणार? ब्रेव्ह म्हणतो, प्रत्येक वेळी थोडं बदला. उत्तरांत बारीकसा गोंधळ मिसळायचा, म्हणजे प्रत्येक संकेतस्थळाला आणि प्रत्येक वेळी तुम्ही वेगळे दिसाल. एकाने साम्याचा आधार घेतला, दुसऱ्याने क्षणिकत्वाचा. अभेद आणि क्षणभंग यांचा असा मुकाबला पाहायला मिळेल, असं आम्हाला निवृत्तीनंतर वाटलं नव्हतं.

पेच कुठे आहे? टोरच्या साम्यात शिरायचं तर तुम्ही काही बदलायचं नाही. स्वतःच्या आवडीचा टंक, चार जादा सोयी, एखादी वेगळी खिटी लावलीत की तुम्ही गर्दीतून वेगळे दिसू लागता. म्हणूनच टोर सुरुवातीला स्क्रिप्ट चालू ठेवूनच देतो. बंद ठेवली तर संकेतस्थळं मोडतील, लोक सोडून जातील, गर्दी लहान होईल आणि उरलेल्यांचं लपणं कमी होईल. आमच्या नातवाने सर्वांत वरची पातळी लावून आम्हाला फक्त पेन्शनपासूनच दूर केलं असं नाही, मोठ्या गर्दीतून काढून लहान गर्दीतही बसवलं!

खासगीपणाचं समर्थन आपण स्वायत्ततेच्या नावाने करतो. माणसाला स्वतःची निवड करता यावी, म्हणून त्याला एकांत हवा. आणि इथे तर एकांताची किंमत म्हणून निवडच द्यावी लागते. हा विरोध टोरच्या अभियंत्यांची चूक नाही. पाळतीची व्यवस्था इतकी सर्वव्यापी झाल्यावर संरक्षणाला काय रूप घ्यावं लागतं, ते यात दिसतं.

एका घरातला एकच फोन

इथवरची चर्चा तुम्हाला आरामखुर्चीतली वाटली असेल. म्हणून एक प्रसंग सांगतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी. नाव-गाव सांगणार नाही. तिच्या सासरी मोबाइल चौघांत एकच होता. घरात त्रास होता. एका दुपारी तिने त्या फोनवर विभक्त होण्याच्या कायद्याची माहिती पाहिली, एका वकिलाचं पान उघडलं. शोधाचा इतिहास तिने आठवणीने पुसला. शिकलेली मुलगी. पण पुढचे काही दिवस त्या फोनवर, वर्तमानपत्र वाचताना, स्वयंपाकाच्या कृती पाहताना, घटस्फोटाच्या वकिलांच्या जाहिराती येत राहिल्या. घरात कुणी चौकशी केली नाही, फोनवर नजर ठेवली नाही. कोपऱ्यातल्या त्या स्टुलावरच्या माणसानेच सगळ्यांना सांगितलं. नंतर काय झालं ते इथे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. ती आज सुखरूप आहे, एवढंच सांगतो.

खाती वेगळी ठेवणारा ब्राउझर असता तर हे टळलं असतं का? हो, बहुधा टळलं असतं. पण आम्ही तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'सर, त्या फोनवर नवीन ब्राउझर बसवला असता, तर पहिला प्रश्न तोच आला असता, की हे काहून बसवलं?' आम्ही गप्प झालो. पडद्यावरचं कांद्याचं चिन्हच बोलकं झालं असतं. ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठी संरक्षणाचं साधन जवळ असणंच संशयाचं. गर्दीतला पेच आणि घरातला पेच एकच आहे. निवड केली की ओळख पटते.

भार कुणावर

यातून आम्ही मुख्य आक्षेपाकडे येतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्या नवांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यांचं स्वतंत्र सहमतीचं निकालपत्र जरूर वाचा. त्यात ते गृह्यसूत्रं आणि अर्थशास्त्र यांचा दाखला देतात. दुसऱ्याच्या घरात मालकाच्या संमतीवाचून शिरू नये, हा नियम कौटिल्यापासून आहे. स्क्रिप्ट म्हणजे आपल्या यंत्रात शिरणंच, तेव्हा हा दाखला आपल्या विषयाला थेट लागू पडतो. पण आम्हाला त्याहून मोलाचा वाटला तो दुसरा मुद्दा. खासगीपण हा सामान्य कायद्यातलाही हक्क आहे आणि मूलभूत हक्कही आहे, दोन्हींचा आशय एकच. फरक एवढाच, की कर्तव्याचा भार कुणावर आणि दाद कुठे मागायची.

भार कुणावर! खासगीपणा जपणाऱ्या ब्राउझरची सगळी रचना पाहा. हक्क ज्याचा, भारही त्याच्यावरच. त्याने ब्राउझर शोधायचा, पातळी समजून घ्यायची, कोरं पान आलं तर निस्तरायचं, टिपण गेलं तर हळहळायचं, घरच्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं. हे म्हणजे चोरी होते म्हणून प्रत्येकाने कुलूप विकत घ्यायचं, आणि चोरी हा गुन्हा आहे हे कुणी बोलायचंच नाही.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी असं म्हटलं आहे, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं असंही म्हटलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला त्यात मनाई आहे. वाक्यं चांगली आहेत. पण संमती म्हणजे पानावर येणारी 'मान्य' ही मोठी कळ आणि 'अमान्य' ही शोधावी लागणारी कळ असेल, तर युरोपात २०१८ पासून लोक जसे न वाचता कळ दाबतात तसेच आपणही दाबू. पुन्हा भार तिथेच.

मग हे ब्राउझर वापरू नयेत का? असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्ही दोन्ही वापरतो. टोर हा ना-नफा संस्थेचा, ब्रेव्ह कंपनीचा, आणि तिचा स्वतःचा जाहिरातीचा व्यवसायही आहे, हे ध्यानात ठेवून वापरतो. आमचं म्हणणं असं, की या ब्राउझरांनी जे सिद्ध केलं ते मोलाचं आहे. कोपऱ्यातल्या तिऱ्हाइताला वही न देताही बाजार चालतो. तिऱ्हाइताच्या कुकीशिवाय वर्तमानपत्र वाचता येतं, तिकीट काढता येतं, पैसे भरता येतात. 'हे असंच असावं लागतं' हा युक्तिवाद त्यांनी खोटा पाडला. म्हणून खाती वेगळी ठेवणं हा प्रत्येक ब्राउझरचा मूळ स्वभाव असावा. तसा तो असला तर कांद्याच्या चिन्हाची गरज नाही, आणि कुणी 'काहून' विचारणार नाही. आणि पेन्शन, प्रमाणपत्र, अर्ज, निकाल अशा ज्या पानांवाचून नागरिकाचं अडतं, ती पानं निदान वाचण्यापुरती तरी स्क्रिप्टशिवाय उघडावीत. आमचा नातू म्हणाला ते खरंच होतं, संकेतस्थळ वाईट बांधलं होतं. पण ते चांगलं बांधून घेणं हे आमच्या सेटिंगचं काम नाही.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: 'सर, आमच्यासारख्या साध्या माणसाने आज घरी जाऊन काय करावं?'

आमचं उत्तर तिथे दिलं तेच इथे लिहितो. रोजच्या वापरासाठी असा ब्राउझर ठेवा जो तिऱ्हाइताच्या कुकी आपणहून अडवतो किंवा वेगळ्या ठेवतो. त्याच्या खिट्यांना उगाच हात लावू नका. स्क्रिप्ट सरसकट बंद करू नका, पेन्शन अडेल. महत्त्वाचं काही लिहायचं असेल तर ते ब्राउझरच्या कोठीवर विसंबून ठेवू नका, वहीत किंवा स्वतःच्या फाइलमध्ये लिहा. आणि घरात फोन एकच असेल, तर दुसऱ्याने काय पाहिलं हे शोधायला जाऊ नका. त्या एका ठिकाणी ब्राउझर काही करू शकत नाही. ते आपल्यालाच पाळावं लागतं.